घराच्या बाजूच्या शेडला पालिकेची नोटीस: माझ्याच कुंपणात माझंच सामान ठेवायचं नाही?

द्राक्षवाला_म्हसरूळ

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये म्हसरूळला स्वतःचा प्लॉट आहे, त्यावर बंगला. नकाशा मंजूर, पूर्णत्वाचा दाखला आहे, घरपट्टी-पाणीपट्टी दरवर्षी सवलतीच्या मुदतीत भरतो. शेती दिंडोरी तालुक्यात, तिथं भाऊ असतो. मळ्यात सामान उघड्यावर ठेवलं की केबलपासून ठिबकपर्यंत सगळं जातं, त्यामुळे एप्रिलमध्ये माल संपला की कॅरेट, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) भेंडोळी, ताडपत्र्या, उरलेले लोखंडी अँगल असं सगळं घरी आणतो आणि बंगल्याच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात रचतो. २०१९ च्या पावसाने फार नुकसान केलं, तेव्हा त्यावर पत्रे टाकले. चार पाइप आणि वर पत्रा. भिंत नाही, दार नाही.

आता पालिकेची नोटीस आली आहे. भाषा अशी: ‘सामासिक अंतरात विनापरवाना पत्राशेड उभारून साहित्याची साठवणूक केल्याचे निदर्शनास आले आहे. १५ दिवसांत स्वखर्चाने काढून घ्यावे, अन्यथा...’ पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सामान रस्त्यावर नाही, फुटपाथवर नाही, नाल्यावर नाही. माझ्या कुंपणभिंतीच्या आत आहे. मग पालिकेचा संबंध काय? कोर्टात जावं का? कोणाला असा अनुभव आला असेल तर सांगा.

सहावी_स्कीम

डाव्या बाजूला मोकळा पट्टा? शिल्लक आहे? भाऊ, फोटो टाका, आम्हा सिडकोवाल्यांना बघू तरी द्या. आमच्या गल्लीत एकाचा जिना दुसऱ्याच्या खिडकीसमोर उतरतो.

गंगावेस

तक्रार शेजाऱ्याने केली असणार. पालिका आपणहून कुंपणाच्या आत डोकावत नाही, तिला आधी कोणीतरी बोट दाखवावं लागतं.

नकाशावाला

नोकरीत असताना (दुसऱ्या शहरात) आयुष्यभर असेच नकाशे तपासले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लॉट तुमचा आहे यात वाद नाही. पण मंजूर नकाशा काढून बघा. बांधकामाच्या चारी बाजूंना जो पट्टा (म्हणजेच सामासिक अंतर) सोडलेला दिसेल तो सोडण्याच्या अटीवरच तुम्हाला परवानगी मिळाली आहे. उजेड आणि वारा ही कारणं सगळ्यांना माहीत असतात. लोक विसरतात ती बाकीची: ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तर माणूस तिथं बसू शकला पाहिजे, आणि मागच्या खोलीला आग लागली तर अग्निशमनवाला नळी घेऊन बाजूने आत गेला पाहिजे. तुमचा डावा पट्टा आणि शेजाऱ्याचा उजवा पट्टा मिळून ती वाट होते. अर्धी वाट तुमची, अर्धी त्यांची.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, नाशिकलाही तीच. सामासिक अंतरात काही गोष्टी चालतात: झाडं, विहीर, कुंपणभिंत, जमिनीखालची पाण्याची टाकी, खिडकीवरचा पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा. खांब रोवून वर छप्पर घातलं की ते बांधकाम झालं. भिंत नाही म्हणून ते सुटत नाही. नोटीस तुमच्या कॅरेटवर नसून त्यावरच्या पत्र्यावर आहे असा माझा अंदाज. कलम कोणतं लिहिलंय?

द्राक्षवाला_म्हसरूळ

नकाशावाला काका, धन्यवाद. कलम ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५५’ असं आहे. पण नोटिशीत ‘साहित्याची साठवणूक’ असंही लिहिलंय, म्हणजे कॅरेटवरही आक्षेप आहेच ना? आणि पावसाळ्यात छप्पर घालायला परवानगी असते असं ऐकलं होतं.

नकाशावाला

असते. पावसापासून बचावासाठी हंगामी आच्छादन हा प्रकार आहे, पण तो पावसाळ्यापुरता. तुमचे पत्रे २०१९ पासून आहेत. तेवढा लांब पावसाळा चेरापुंजीलाही नसतो.

पेठरोड_पाटील

😂😂

माझ्या मित्राला अशीच नोटीस आली होती. वकिलाने दोन दिवसांत स्टे आणला, शेड अजून उभं आहे. घाबरू नका, सरळ कोर्टात जा.

काळा_कोट

पाटील, तुमच्या मित्राच्या नोटिशीवर कलम कोणतं होतं ते विचारा. महानगरपालिका अधिनियमाचं २६० असेल तर तो वेगळा कायदा. तिथे तर ४३३-अ घालून दिवाणी दाव्याची वाटच अडवली आहे. एकाला स्टे मिळाला म्हणून दुसऱ्याला मिळेल असं धरून चालू नका.

आता कलम ५५ बद्दल. हे ‘तात्पुरत्या स्वरूपाच्या’ विनापरवाना विकासासाठी आहे. लेखी आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत काढायचं. नाही काढलं तर प्राधिकरण काढू शकतं, आणि तुम्ही परत उभं केलं तर तेही काढू शकतं. तात्पुरतं कशाला म्हणायचं याचा निर्णय त्याच कलमाने नियोजन प्राधिकरणाकडे दिला आहे आणि तो अंतिम धरला आहे. ‘माझं शेड पक्कं आहे, तात्पुरतं नाही’ असा शहाणपणा कोणी सुचवला तर ऐकू नका. ते पक्कं ठरलं की ५२ आणि ५३ लागतात, आणि ५२ फौजदारी आहे.

‘फक्त साठवण’ हा बचावही वाटतो तितका सोपा नाही. ‘विकास’ या शब्दाची व्याख्या कलम २(७) मध्ये आहे. बांधकामाबरोबरच जमिनीच्या वापरात केलेला भरीव बदलही तीत येतो. घरची सायकल, शिडी, कुंड्या बाजूला ठेवल्या तर कोणी वापर बदलला म्हणणार नाही. शेतमालाच्या धंद्याचं सामान वर्षातले आठ-नऊ महिने भिंतभर रचलं तर एखादा अधिकारी म्हणू शकतो. म्हणेलच असं नाही. पण तुमच्या उत्तरात ‘गोदाम’ हा शब्द चुकूनही लिहू नका.

करायचं काय: मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी बोलणं झालं, साहेब ‘बघू’ म्हणाले, याला अर्थ नाही.

गंगावेस

आणि माहिती अधिकार टाका. तक्रार कोणी केली ते कळेल. दहा रुपयांचं काम.

काळा_कोट

माहिती मिळायची मुदत ३० दिवस, नोटिशीची १५. शिवाय तक्रारदाराचं नाव बहुतेक वेळा देत नाहीत. कळून करायचं काय आहे?

गंगावेस

दिवाळीचा फराळ पाठवायचा नाही.

जुई_इंदिरानगर

मी इथे नेहमी फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. म्हणजे तुमची शेजारीण नव्हे! आमच्या इंदिरानगरच्या रो-हाऊसला लागून एकांनी असंच शेड टाकलं. पत्र्याचा उतार आमच्या बाजूला. पन्हळ नाही. जून ते सप्टेंबर सगळं पाणी आमच्या भिंतीवर. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे ओल, कपाटातलं धान्य खराब, आणि सासूबाईंच्या खोलीत पत्र्यावरच्या पावसाचा आवाज इतका की त्यांना रात्रभर झोप नाही. आधी गोडीत सांगितलं. ‘बघतो वहिनी’ म्हणाले. पुढच्या वर्षी परत सांगितलं, तर म्हणाले आमच्या जागेत आहे. शेवटी तक्रार केली. तेव्हापासून सगळी गल्ली आमच्याकडे चहाडखोर म्हणून बघते.

तुमच्या पत्र्याचं पाणी कुठे पडतं, भाऊ?

द्राक्षवाला_म्हसरूळ

ताई, माझा उतार कुंपणाकडेच आहे, कारण दुसऱ्या बाजूला माझीच खिडकी येते. पन्हळ लावायचं राहून गेलंय. शेजाऱ्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर केलं असतं.

जुई_इंदिरानगर

‘केलं असतं’ आणि ‘बघतो वहिनी’ यात फार अंतर नसतं असा माझा अनुभव. राग मानू नका.

फवारणी

मुद्दा पाण्याचाच निघालाय तर माझाही एक. मी डासनिर्मूलनाच्या कामावर होतो. पावसाळ्यात घरोघर जाऊन बघायचो, आणि अळ्या सगळ्यात जास्त मिळायच्या त्या अशाच बाजूच्या पट्ट्यात. द्राक्षाच्या कॅरेटला भोकं असतात, त्यात पाणी राहत नाही, हे खरं. पण त्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगटीत राहतं. ठिबकच्या भेंडोळ्यात राहतं. स्प्रेच्या रिकाम्या ड्रमच्या झाकणावर राहतं. डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवस साचलेलं चमचाभर पाणी पुरतं, आणि त्याची अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात. म्हणजे उन्हाळ्यात सगळं कोरडं दिसलं म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर पत्रा काढून नुसती ताडपत्री टाकली तर डास वाढतील. पालिकेच्या एका खात्याचं समाधान होईल आणि दुसरं खातं नोटीस देईल.

सहावी_स्कीम

हे सगळ्यात भारी. एक खातं म्हणतं छप्पर काढ, दुसरं म्हणतं उघडं ठेवू नको.

मेनरोड_मावशी

सापाचं कोणी बोललंच नाही. अँगल आणि लाकडं रचून ठेवलेल्या फटीत घोणस बसते. आमच्या मेरीच्या (सरकारी संशोधन संस्थेच्या) क्वार्टरला दोनदा सर्पमित्राला बोलवावं लागलं होतं. लहान मुलं असतील तर जपा रे बाबांनो.

पेठरोड_पाटील

मावशी, हल्ली तर शहरात बिबट्या शिरतो. त्यालाही आडोसा पाहिजेच की. काढू नका शेड.

कॉलेजरोड_कट्टा

मला तर यावरून कपाटं आठवली. २०१५-१६ च्या सुमाराला नाशिकमध्ये कपाटांवरून केवढा गदारोळ झाला होता! बिल्डरांनी कपाटासाठी दाखवलेली जागा खोलीतच घेऊन टाकली, ती चटईक्षेत्रात धरायची की नाही यावर हजारो सदनिकांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. माझा फ्लॅट त्यातलाच. बाहेरगावचा मित्र विचारायचा, दाखला का नाही? मी म्हणायचो, कपाटामुळे. त्याला वाटायचं मी चेष्टा करतोय.

नकाशावाला

ते प्रकरण वेगळं होतं. तिथे चूक बांधणाऱ्याची आणि भोगणारा घेणारा. इथे शेड मालकानेच उभं केलंय.

निफाडी_पेरू

शेतकरी म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. शहरातल्या लोकांना कळत नाही की द्राक्षाचं सामान किती आणि कसलं असतं. एकरी शेकड्याने कॅरेट. नवीन घ्यायचं तर भाव बघा. मळ्यात ठेवलं तर उंदीर आणि चोर, घरी ठेवलं तर पालिका. ज्याच्या दारात चारचाकी रस्त्यावर उभी असते त्याला कोणी विचारत नाही. सार्वजनिक रस्ता अडवला तरी चालतो, आणि आमचं कुंपणातलं सामान डोळ्यात खुपतं. निवडून निवडून कारवाई चालते ही.

काळा_कोट

भावना समजते. पण ‘त्यांचं काढत नाही म्हणून माझंही काढू नका’ हे कोर्टात चालत नाही. घटनेच्या १४ व्या कलमात समानता आहे, पण ती कायदेशीर हक्काची. बेकायदा गोष्टीत समानता मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. रस्त्यावरच्या गाड्यांची वेगळी तक्रार करा, जरूर करा.

निफाडी_पेरू

म्हणजे कायदा बरोबर आणि आम्ही चोर.

काळा_कोट

असं मी कुठे म्हणालो?

गंगावेस

सिंहस्थ आलाय हो २०२७ चा. आता वर्षभर अतिक्रमण विभागाचं इंजिन थंड होत नाही. २०१५ च्या आधीही असंच झालं होतं. साधू येणार, पाहुणे येणार, शहर आवरून ठेवायचं. म्हसरूळच्या कॅरेटमुळे शाही स्नान अडणार आहे जणू.

पेठरोड_पाटील

मी एक विचारतो. शेडची घरपट्टी लावून घेतली तर? पावती असली की कायदेशीर झालं ना?

नकाशावाला

नाही. हा गैरसमज गावोगावी आहे. कर आकारला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही. उलट बेकायदा बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे (२६७-अ), आणि ती भरूनही ते बेकायदाच राहतं. आपल्या हाताने धोंडा पायावर पाडून घेण्याचा हा मार्ग आहे.

नियमित करून घेण्यासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज करता येतो. पण सामासिक अंतरातल्या छपराला नियमातच जागा नसेल तर अर्ज कशाच्या जोरावर मंजूर होणार? २०१७ मध्ये जी सवलत आली होती ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना होती. तुमचे पत्रे २०१९ चे, त्यामुळे तो रस्ताही नाही.

द्राक्षवाला_म्हसरूळ

म्हणजे तुमच्या मते मी गप्प बसून सगळं काढून टाकावं. कर आम्ही भरायचा, आणि अंगणात काय ठेवायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं. उद्या तुळशीवृंदावनाला नोटीस येईल. एक दिवस गाडी घेऊन येतील आणि हजाराचा पत्रा वाकवून टाकतील, तेव्हा इथले कायदेपंडित येणार आहेत का?

धागा_देखरेख

वैयक्तिक टोमणे नकोत, ही सगळ्यांना विनंती. गंगावेस यांचा शेजाऱ्यांच्या जातीवरून आलेला एक प्रतिसाद उडवला आहे.

काळा_कोट

द्राक्षवाले, रागवू नका. ‘गाडी घेऊन येतील’ या भीतीवर उपाय आहे, म्हणून सांगतो. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोडकामासाठी पद्धत घालून दिली आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची, उत्तराला १५ दिवस, प्रत्यक्ष म्हणणं ऐकून घ्यायचं, मग कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर स्वतः काढून घ्यायला पुन्हा १५ दिवस. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. तुमचं शेड खाजगी जागेत आहे. ‘माझ्या कुंपणाच्या आत’ या मुद्द्याचा खरा उपयोग इथे होतो. शेड वाचवायला तो कामाचा नाही, पण वेळ आणि सुनावणी मागायला आहे. उत्तरात त्या निकालाचा उल्लेख करून सुनावणी मागा.

जुई_इंदिरानगर

आणि सुनावणीची वाट बघताना पन्हळ लावून घ्या. 🙂

आडगाव_नाका

व्यवहाराचं बोला कोणीतरी. मी पण द्राक्षवाला. आमच्याकडे तिघांनी मिळून ओझरजवळ एक जुना गाळा भाड्याने घेतलाय, फक्त मे ते जानेवारी. कॅरेट, अँगल, ठिबक सगळं तिथे. हंगामात गाळा मालकाला परत, तो त्यात बेदाण्याचं काहीतरी करतो. भाडं वाटून घेतलं की नव्या पत्र्यापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं म्हणजे गंधक घरी ठेवत असाल तर ते आजच्या आज हलवा. भुरी रोगासाठी आणलेली उरलेली पोती बाजूला पडलेली असतात, मला माहीत आहे. प्लॅस्टिकच्या कॅरेटशेजारी गंधक, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या एसीचं युनिट. नकाशावाले म्हणाले ती नळीची वाट अशाच वेळी लागते. औषधांच्या बाटल्याही नकोत. वासाने शेजारी तक्रार करणारच.

फवारणी

सहमत. भेंडोळी उभी टांगा, आडवी ठेवू नका. पाणी निथळून जातं.

निफाडी_पेरू

आडगाव, त्या गाळ्यात चौथ्याला जागा आहे का?

आडगाव_नाका

मे मध्ये बोलू. तुमच्या पेरूच्या जाळ्यांना फार जागा लागते.

द्राक्षवाला_म्हसरूळ

विभागीय कार्यालयात जाऊन आलो. लिहायला उशीर झाला, छाटणीचे मजूर आले होते.

लेखी उत्तर दिलं, शिक्का घेतला. काळा_कोट यांनी सांगितल्याप्रमाणे सुनावणी मागितली, तीही मिळाली. अधिकारी तरुण होते, नीट बोलले. मंजूर नकाशा समोर ठेवून त्यांनी पट्टीने दाखवलं की पत्रा जवळजवळ कुंपणाला टेकलाय आणि चेंबर त्याखाली आलंय. शेड काढायचं यावर ते ठाम आहेत. कॅरेटबद्दल मी थेट विचारलं. ते म्हणाले, छप्पर नसलेलं, चेंबर आणि चालायची वाट मोकळी ठेवून मोजकं घरगुती सामान ठेवलंत तर आमच्या विभागाचा विषय नाही, आरोग्य विभागाने पाणी साचलेलं पाहिलं तर तुमचं तुम्ही बघा. हे लिहून द्या म्हणालो तर हसले.

तक्रारीची फाइल टेबलावर होती. नाव झाकलेलं. पण तक्रारीत ‘भिंतीवर पाणी’ असं लिहिलेलं वरच्या ओळीत दिसलं. शेजारचे काका गॅलरीत दिसले, मी काही बोललो नाही, तेही नाही.

मला अजून पटलेलं नाही. जागा माझी आणि छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर, हे मला खटकतंच. पण ५२ च्या भानगडीत पडायचं नाही, म्हणून पत्रे उतरवतोय. गंधक भावाकडे पाठवलं. निम्मी कॅरेट मळ्यातल्या खोलीत जातील, तिला नवीन कुलूप लावू. बाकीच्यांचं आडगाव_नाका यांच्याशी बोलतो.

काळा_कोट

पत्रे उतरवल्यावर तारखेसह फोटो काढा आणि ‘पूर्तता केली’ असं पत्र देऊन त्यावरही शिक्का घ्या. नाहीतर फाइल उघडी राहते आणि पुढच्या मोहिमेत तीच नोटीस परत येते.

जुई_इंदिरानगर

त्या काकांशी एकदा बोला हो. आमच्या तक्रारीनंतर शेजाऱ्यांनी शेड काढलं, पण अजून हळदीकुंकवाला बोलवत नाहीत.

सहावी_स्कीम

माझा एक प्रश्न राहिला. गच्चीवर ठेवलं तर? गच्चीला सामासिक अंतर नसतं ना?

नकाशावाला

उघड्या गच्चीवर सामान ठेवा, वर पक्कं छप्पर घालू नका. आणि स्लॅबवर अँगलचा ढीग नको. घर किती साली बांधलंय?

सहावी_स्कीम

सिडकोनेच बांधलंय काका, वरचा मजला आम्ही.

नकाशावाला

मग मला काही विचारलं नाहीत असं समजा.

मेनरोड_मावशी

द्राक्षवाले भाऊ, उतरवलेले पत्रे विकणार का? किती फुटी आहेत? भाच्याला गिरणाऱ्याला गोठ्यावर टाकायचे आहेत.

द्राक्षवाला_म्हसरूळ

दहा फुटी आहेत मावशी, गंज नाही, दोनतीनांना खिळ्यांची भोकं आहेत. व्यनि (खासगी निरोप) करा. टेम्पो तुमचा.